पाठ बोटांनी वाचायची कशी: स्नायू कुठला, नस कुठून

पाठीवर हात ठेवला की बोटांना आधी जे मांस लागतं, ते मुळात हाताचं असतं. कण्यापासून निघून फऱ्याला (खांद्यामागचं चपटं हाड) नाहीतर दंडाला जाऊन मिळणारे हे स्नायू गर्भात असतानाच पाठीवर पसरतात, आणि येताना आपली नस बरोबर घेऊन येतात. त्यामुळे ती नस मानेतून किंवा काखेतून येते. त्यांच्या खाली, कण्याला दोन्ही बाजूंनी चिकटून असलेले जाड दोर मात्र अस्सल पाठीचे. त्यांना नस जागच्या जागी मिळते, प्रत्येक मणक्यापाशी मागे वळणाऱ्या फांदीतून. बोटाखालचा स्नायू कुठल्या थरातला, एवढं ठरवता आलं की नस जवळजवळ आपोआप सांगता येते. नावांचा तक्ता घोकणारा तोंडी परीक्षेत तिसऱ्या प्रश्नाला अडकतो, तो इथेच.

मिरज-सांगली, कराड-सातारा भागात फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांना हे उपयोगी पडेल. तालमीत पोरांची अंगं बघणाऱ्या वस्तादांनाही. शब्दाचा एक घोळ आधीच मिटवू. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात, स्नायूच्या दोरीलाही म्हणतात, आणि ‘नस चढली’ म्हणताना तर बहुतेक वेळा स्नायूच आखडलेला असतो. इथे नस म्हणजे फक्त नर्व्ह.

पाठ कुणाची घ्यावी

तालमींचा मुलूख असल्यामुळे पहिला विचार पैलवानाचाच येतो. ५७ किलोच्या गटातला असेल तर उत्तम. महाराष्ट्र केसरीच्या तयारीतला मात्र सुरुवातीला नको. त्याचा वरचा थर इतका जाड असतो की खालचं काही हाताला लागत नाही, आणि शिकणारा वरच्यालाच खालचं समजून पुढे जातो. सडपातळ, पळणारा पोरगा सगळ्यात सोपा.

तालमीतून थेट आलेल्याच्या अंगाला तेल आणि हौद्यातली लाल माती असते. त्यावर पेन्सिल उमटत नाही, बोटंही घसरतात. साबणाने धुऊन अंग कोरडं करा, स्पिरिटचा बोळा फिरवा आणि भुवया कोरायच्या पेन्सिलीने खुणा करा. ती नंतर खोबरेल तेलाने निघते. बॉलपेन नको, टोचतं आणि समोरचा अंग चोरतो. उजेड एका बाजूने येऊ द्या. समोरून प्रखर दिवा पडला की उंचसखल भाग दिसेनासा होतो. काय करणार आहोत ते आधी सांगून परवानगी घ्या, आणि बाईमाणसाची पाठ तपासताना खोलीत दुसरी बाई हवीच.

मधल्या तीन बोटांच्या पेरांनी चाचपा, तेही स्नायूच्या धाग्यांना आडवं. धाग्यांच्या दिशेने बोट फिरवलं की काहीच कळत नाही. आडवं फिरवलं की वीणेच्या तारेसारखी कड टुचकन लागते. नख पांढरं पडायला लागलं म्हणजे दाब जास्त झाला. मग खालचा थर सापडायच्या ऐवजी वरचाच आखडून बसतो.

आधी हाडांच्या खुणा

मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड पुढे येतं, तो मानेचा सातवा मणका, सी ७ (सी म्हणजे मान, टी छाती, एल कंबर, एस त्याखालचं माकडहाडाच्या वरचं हाड; नसांनाही हीच अक्षरं). निदान पुस्तकात तरी. काहींमध्ये सहावा किंवा छातीचा पहिला मणका जास्त वर आलेला असतो. खात्री अशी करायची: लागोपाठच्या दोन उंचवट्यांवर दोन बोटं ठेवा आणि छताकडे बघायला सांगा. वरच्या बोटाखालचं हाड पुढे सरकून हरवलं आणि खालचं जागेवर राहिलं, तर खालचं सी ७. दोन्ही जागेवरच राहिली तर तुम्ही एक मणका खाली आहात.

फऱ्यावरच्या आडव्या कडेचं आतलं टोक साधारण टी ३ च्या रेषेत, फऱ्याचं खालचं टोक टी ७ च्या रेषेत. हे माणूस ताठ बसलेला आणि हात बाजूला सोडलेले असतानाच खरं. पालथं झोपवून हात पलंगाखाली लोंबत ठेवले की फरा सरकतो आणि मोजणी चुकते. कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा एल ४ वरून किंवा एल ४-५ च्या फटीवरून जाते. अंगाने भरलेल्या माणसात बोट चरबीवर थांबतं आणि रेषा एक मणका वर जाते, तेव्हा बोटं आधी आत दाबून मग खाली आणा. ढुंगणावरचे दोन खळगे एस २ च्या पातळीला. एवढ्या खुणा पेन्सिलीने केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ट्रॅपिझिअस: पाठीवरचा पतंग

दोन्ही बाजू मिळून संक्रांतीच्या पतंगासारखा आकार. वरचं टोक डोक्याच्या मागच्या उंचवट्यावर, खालचं टी १२ वर, बाजूची दोन टोकं खांद्यांवर. धागे कवटीपासून, मानेच्या मधल्या बंधापासून आणि सी ७ ते टी १२ च्या काट्यांपासून (मणक्याचं मागे हाताला लागणारं टोक) निघतात. हसळीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागावर, खांद्याच्या टोकावर आणि फऱ्याच्या आडव्या कडेवर बसतात. वरचे धागे खांदा उचलतात, मधले फरे जवळ आणतात, खालचे फरा खाली ओढतात. वरचे आणि खालचे एकदम ओढले की फरा फिरतो, आणि हात डोक्यावर जातो तो त्या फिरण्यामुळेच.

वरचा भाग चिमटीत सहज येतो. मधला बघायला पालथं झोपवून हात आडवा पसरून उचलायला सांगा. खालच्यासाठी हात डोक्याच्या वर तिरका, अंगठा छताकडे, आणि तसाच उचलायचा. फऱ्याच्या कडेच्या आतल्या टोकापासून टी १२ कडे जाणारी तिरपी पट्टी उठून दिसते. डावी-उजवी एकाच वेळी बघा. एकट्या बाजूवरून मत देऊ नये.

याची नस वेगळ्या घराण्यातली: अकरावी क्रेनियल, म्हणजे डोक्याच्या नसांपैकी अकरावी, स्पायनल ॲक्सेसरी. मानेतल्या मज्जारज्जूच्या वरच्या भागातून निघते, कवटीत शिरते, पुन्हा बाहेर पडते, वाटेत मानेच्या तिरक्या स्नायूला पुरवठा करते आणि मग ट्रॅपिझिअसमध्ये जाते. सी ३, सी ४ च्या फांद्या येतात त्या मुख्यतः वेदना आणि ताणाची जाणीव न्यायला. रस्ता अंगावर काढून ठेवा: मानेच्या तिरक्या स्नायूच्या मागच्या कडेचे तीन भाग करा, वरच्या आणि मधल्या भागाच्या सांध्यावर ठिपका द्या, ट्रॅपिझिअसच्या पुढच्या कडेवर हसळीच्या सुमारे ५ सेंटीमीटर वर दुसरा ठिपका द्या, आणि दोन्ही जोडा. या रेषेवर नसेच्या वर कातडी आणि एक पातळ पडदा, बाकी काही नाही. गंडमाळेची किंवा दुसरी कुठलीही गाठ इथून काढताना नस कापली जाते ती म्हणून.

ही दुखापत हमखास नजरेतून सुटते. एक तर कातडी सुन्न होत नाही, कारण नस हालचालीची आहे. दुसरं, खांदा उडवायला सांगितला तर तो थोडा का होईना उडतो, कारण फरा उचलणारा दुसरा स्नायू, लेव्हेटर स्कॅप्युली, शाबूत असतो. तेव्हा ‘खांदा उडतो, नस ठीक’ असं लिहून मोकळं होऊ नका. हात बाजूने वर करायला सांगा. खांद्याच्या पातळीच्या वर अडला, खांदा उतरलेला दिसला आणि फरा कण्यापासून लांब बाहेर सरकला, तर ट्रॅपिझिअस गेलेला आहे.

लॅटिसिमस डॉर्सी

दोरी चढणाऱ्याचा आणि मल्लखांबवाल्याचा स्नायू. टी ७ पासून खालचे काटे, कंबरेचा जाड पडदा, कंबरेच्या हाडाची कड, खालच्या तीन-चार फासळ्या, एवढा मोठा पसारा गोळा होत होत काखेच्या मागच्या घडीतून जातो आणि दंडाच्या हाडाच्या पुढच्या खाचेत बसतो. जाताना पीळ घेतो, त्यामुळे सगळ्यात खालून निघालेले धागे सगळ्यात वर बसतात. हात मागे ओढणं, अंगाशी आणणं आणि आत वळवणं ही त्याची कामं. हात जागेवर धरलेले असतील तर तो धडच वर खेचतो.

चाचणी सोपी. काखेची मागची घडी चिमटीत धरा आणि मोठ्याने खोकायला सांगा. चिमटीतलं मांस ठणकन घट्ट होतं. दुसरी: हात खांद्याच्या पातळीला आडवा धरून तो खाली दाबायला सांगायचा, तुम्ही कोपराखालून अडवायचं.

नस थोरॅकोडॉर्सल, सी ६ ते ८. काखेच्या मागच्या भिंतीवरून त्याच नावाच्या रोहिणीसोबत खाली उतरते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढताना सर्जन हिला आणि शेजारच्या लाँग थोरॅसिकला सांभाळत असतो. पाठ धडधाकट, पण लॅटिसिमस गळालेला असेल तर काखेतला व्रण शोधा.

लपलेले तिघे

ट्रॅपिझिअसच्या खाली लेव्हेटर स्कॅप्युली आणि छोटा-मोठा ऱ्हॉम्बॉइड. पहिला मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यावर. छोटा ऱ्हॉम्बॉइड सी ७-टी १ पासून, मोठा टी २ ते टी ५ पासून फऱ्याच्या आतल्या कडेवर. वरचं झाकण ढिलं केल्याशिवाय यातलं काही सापडत नाही, आणि झाकण ढिलं करायची युक्ती ही: हात पाठीमागे घेऊन मनगट कंबरेवर टेकवायला लावा, मग तळहात पाठीपासून जरासा उचलायला सांगा. या हालचालीत फरा खाली फिरतो, त्यामुळे ट्रॅपिझिअस गप्प बसतो आणि ऱ्हॉम्बॉइड फऱ्याच्या आतल्या कडेला बोटाखाली फुगतो. हात तसाच ठेवून खांदा किंचित वर न्यायला सांगा. फऱ्याच्या वरच्या कोपऱ्याजवळ लेव्हेटरची दोरी लागेल. द्राक्षबागेत मांडवाखाली छाटणी केलेल्यांना बोट ठेवताच दुखते ती बहुधा हीच जागा. खांदा जोरात उडवला की ट्रॅपिझिअस जागा होतो आणि सगळी मेहनत वाया.

नस डॉर्सल स्कॅप्युलर, मुख्यतः सी ५. लेव्हेटरला शिवाय सी ३-४ मधून थेट फांद्या. ही नस सी ५ पासून फार लवकर फुटते, हाताच्या नसांचं जाळं विणलं जायच्या आधी. त्याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. पुणे-बेंगळुरू हायवेवर दुचाकीवरून खांद्यावर आपटलेल्या माणसाचा हात आडवा उचलत नसेल, तर ऱ्हॉम्बॉइड तपासा. दोन्ही हात कंबरेवर ठेवून कोपरं मागे ढकलायला सांगा आणि तुम्ही अडवा. ऱ्हॉम्बॉइडही कमजोर असेल तर इजा मुळापाशी, मणक्याजवळ असायची शक्यता जास्त. तो दणकट असेल तर इजा त्याच्या पुढे कुठेतरी.

फरा पाठीवर पंखासारखा उभा राहिला की सगळे ऱ्हॉम्बॉइडचं नाव घेतात. आधी सेरेटस अँटिरिअर बघा. हा पाठीचा स्नायू नाही, पण फऱ्याला छातीशी धरून ठेवतो तो हाच; नस लाँग थोरॅसिक, सी ५ ते ७. दोन्ही हात समोर भिंतीला लावून ढकलायला सांगा. भिंत ढकलताना फऱ्याची आतली कड उभी राहून खालचं टोक कण्याकडे सरकलं तर सेरेटस. हात बाजूने उचलताना फरा बाहेर आणि खाली गेला तर ट्रॅपिझिअस. ऱ्हॉम्बॉइडचा पंख बारीक असतो, बघूनही सुटतो.

मधल्या थरातले दोन पातळ पत्रे, सेरेटस पोस्टिरिअर वरचा आणि खालचा, हाताला लागत नाहीत. फासळ्यांना बसतात, नस फासळ्यांमधल्या नसांकडून, म्हणजे पुढच्या फांदीतून. यांना एक ओळ पुरे.

कण्याचे दोर

पालथं झोपवून डोकं आणि खांदे जरासे उचलायला सांगा. पाठीची पन्हळ खोल होते आणि दोन्ही बाजूंना दोर उठतात: इरेक्टर स्पायनी. बाहेरून आत तीन लड्या. इलिओकोस्टॅलिस फासळ्यांवर, लाँजिसिमस मधली आणि सगळ्यात लांब, थेट कानामागच्या हाडापर्यंत, आणि काट्यांना चिकटून बारीक स्पायनॅलिस. त्यांच्या खाली तिरके धागे. सेमिस्पायनॅलिस चार ते सहा मणके ओलांडतो, मल्टिफिडस दोन ते चार, रोटेटोर्स एक किंवा दोन. जितका खोल, तितका आखूड.

आता त्याच माणसाला उभं करा, कंबरेच्या दोरांवर दोन्ही अंगठे ठेवा आणि हळूहळू वाकायला सांगा. सुरुवातीला दोर दगडासारखे. पूर्ण वाकून हात लोंबते सोडले की अंगठ्याखालचं सगळं एकदम मऊ पडतं. स्नायूंनी काम सोडलेलं असतं, धडाचा भार पाठीमागचे बंध आणि मणक्यांमधल्या चकत्या पेलत असतात. कंबर दुखणाऱ्या माणसात हे सोडणं बऱ्याचदा होत नाही, दोर शेवटपर्यंत ताठ राहतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं जमिनीवरून पूर्ण वाकून, वर अंगाला पीळ देत उचलणाऱ्याची कंबर त्या क्षणी याच बंधांच्या भरवशावर असते. उसण भरते ती तिथे.

मल्टिफिडससाठी माणूस पुन्हा पालथा. एल ४-एल ५ च्या काट्याला लगटून, एक बोट बाहेर, अंगठा सावकाश आत रुतवा. विरुद्ध बाजूचा हात पलंगापासून ५ सेंटीमीटर उचलायला सांगा. खोलवर हळूच फुगवटा लागतो. बहुतेकांचा अंगठा आणखी बाहेरच्या उठलेल्या दोरावर जातो, आणि ते इरेक्टरलाच मल्टिफिडस म्हणतात. कंबरदुखीत दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस त्या पातळीला बारीक होतो आणि दुखणं थांबलं तरी आपोआप भरून येतोच असं नाही. व्यायाम सुरू ठेवायला सांगतात तो म्हणून.

मागची फांदी

मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मणक्यातून बाहेर पडल्या पडल्या प्रत्येकीच्या दोन फांद्या होतात. पुढची मोठी, तीच हातापायांत आणि फासळ्यांवरून पोटाकडे जाते. मागची, पोस्टिरिअर रॅमस, बहुतेक ठिकाणी बारीक. ती कण्याचे दोर, मणक्यांचे मागचे सांधे आणि त्यावरची कातडी सांभाळते. कंबरेत तिचेही तीन भाग पडतात: आतला मल्टिफिडसला, मधला लाँजिसिमसला, बाहेरचा इलिओकोस्टॅलिसला. आतला भाग मणक्यांच्या मागच्या सांध्यांनाही फांद्या देतो, आणि प्रत्येक सांध्याला दोन पातळ्यांवरून नस येते. एल ४-५ च्या सांध्याला एल ३ आणि एल ४. तो सांधा बधिर करायला दोन जागी इंजेक्शन द्यावं लागतं ते यासाठी.

दोन फांद्यांचा हिशेब कातडीवर बघायचा असेल तर नागीण बघा. पुरळ कण्यापासून सुरू होतं, एका बाजूने फासळीच्या रेषेत पुढे येतं आणि छातीच्या मध्यावर थांबतं. पाठीवरचा पट्टा मागच्या फांदीचा, पुढचा पुढच्या फांदीचा. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, ही गावोगावची भीती. पण ती एका बाजूच्या एका नसेची असते, मध्यरेषा ओलांडून वेढा पुरा करायचं तिला कारणच नाही.

इएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातली वीज बघायची तपासणी, करताना सुई पायाबरोबर कण्याच्या दोरांतही घालतात, त्यामागेही हाच हिशेब. दोरांतही नस तुटल्याच्या खुणा दिसल्या तर दुखापत फांद्या फुटायच्या आधी, मुळापाशी. दोर स्वच्छ आणि पाय बिघडलेला, तर पुढच्या फांदीच्या रस्त्यात कुठेतरी असण्याकडे कल. सुई लवकर घातली तर काहीच दिसत नाही. त्या खुणा उमटायला दिवस जावे लागतात.

एल १ ते एल ३ च्या मागच्या फांद्यांची कातडीची टोकं कंबरेच्या हाडाची कड ओलांडून ढुंगणावर उतरतात, मध्यापासून ७-८ सेंटीमीटरवर. तिथे बोट दाबल्यावर नेमकी तीच कळ ढुंगणात उमटली, तर सगळंच सायटिकाच्या खात्यात टाकू नका.

मानेच्या अगदी वर, कवटीखाली, चार छोटे सबऑक्सिपिटल स्नायू असतात. त्यांना सी १ ची मागची फांदी. सी २ ची मागची फांदी, ग्रेटर ऑक्सिपिटल, त्यांच्या खालून वळसा घेऊन सेमिस्पायनॅलिसला भोकसून डोक्याच्या मागच्या कातडीत जाते. मान मागे टाकून तासन् तास काम केल्यावर माथ्याकडे चढणारी डोकेदुखी कवटीखाली दाबल्यावर वाढत असेल, तर या नसेचा विचार करा.

वस्तादांसाठी एवढं. लचक भरलेली पाठ चोळायला हरकत नाही, पण आधी चार गोष्टी विचारा: पायातली ताकद गेली आहे का, ढुंगणावर बसायच्या जागेची कातडी बधिर आहे का, लघवी अडली किंवा नकळत होते आहे का, आणि वरून पडून किंवा मानेवर आपटून हे झालं का. एकालाही हो आलं तर हात लावू नका, पाठीवर पाय देऊन मणका बसवायला तर मुळीच जाऊ नका. मानेवर पडलेल्याला मान न हलवता फळीवर घ्या आणि त्याच दिवशी एमआरआयची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.